वकिलाच्या ऑफिसात क्लायंटची माहिती सांभाळायची कशी

साधी घटस्फोटाची फाईल उघडून बघा. लग्नाचा दाखला, दोघांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, डॉक्टरांचे रिपोर्ट, मुलाच्या शाळेचे कागद, रात्री-अपरात्रीच्या भांडणांचे स्क्रीनशॉट, आणि बाई आता जिथे राहायला गेलीय तो पत्ता, जो नवऱ्याला कळता कामा नये. एवढं सगळं एका फाईलीत, आणि ती हाताळणारे किती जण? वकील, ज्युनियर, क्लार्क, टायपिस्ट, कधी भाषांतर करणारा, कधी अकाउंटंट, शिवाय स्कॅनर, ईमेल, क्लाउड आणि तीन-चार जणांचे फोन.

हॅकरची भीती सगळ्यांना असते आणि ती खरीच आहे, पण आपल्याकडची माहिती कुठे कुठे पडलीय हेच ऑफिसला माहीत नसणं हा त्याच्या आधीचा प्रॉब्लेम. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: फाईलीतल्या प्रत्येक कागदाच्या कॉपी किती, कुठे आणि कोणाच्या हातात, हे कधीही विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, आणि त्याचा हिशोब एका रजिस्टरमध्ये ठेवला पाहिजे. हे छोट्या आणि मध्यम ऑफिसांसाठी लिहितोय, जिथे आयटीचा वेगळा माणूस नसतो आणि सगळं क्लार्क आणि ज्युनियर मिळून बघतात.

गुपित वेगळं, डेटा वेगळा

बऱ्याच वकिलांना वाटतं की आम्ही तर आधीपासूनच गोपनीयता पाळतो, मग हे डेटा प्रायव्हसीचं नवीन काय? तर फरक आहे. क्लायंटने वकिलाला सांगितलेली गोष्ट बाहेर जाऊ नये हे संरक्षण जुनं आहे आणि ते क्लायंटचं आहे, वकिलाचं नाही, ते सोडायचं की नाही हे तोच ठरवणार. डेटाचे कायदे मात्र फक्त क्लायंटपुरते नसतात. फाईलीत समोरच्या पार्टीची माहिती असते, साक्षीदारांची असते, शेजाऱ्यांची, लहान मुलांची असते, आणि यातल्या कोणीही तुम्हाला वकील म्हणून नेमलेलं नाही, तरी त्यांची माहिती तुमच्याकडे आहे म्हणून जबाबदारी आहे. युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू झाला, भारताचा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, इतर देशांतही असेच कायदे आलेत. कायदेशीर हक्क बजावायला लागणारी माहिती वापरायला यात सवलती आहेत, नाहीतर कोणी दावाच लढवू शकलं नसतं. पण सवलत म्हणजे मोकळीक नव्हे. भारताच्या कायद्यात तर अशी सूट मिळाली तरी माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तशीच राहते.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. प्रत्येक गोष्टीला क्लायंटची संमतीची सही घेऊन ठेवली की झालं असं काही जण धरून चालतात. संमती दिलेला माणूस ती काढूनही घेऊ शकतो, आणि केस अर्ध्यावर असताना त्याने काढून घेतली तर तुम्ही फाईल जाळणार आहात का? ओळखपत्राची कॉपी जिथे कायद्याने ठेवावी लागते तिथे त्यासाठी ठेवता, कागदपत्रं केस लढवायची म्हणून ठेवता, हीच खरी कारणं आहेत आणि क्लायंटला तीच सरळ सांगायची. संमती लागते ती बाकीच्या गोष्टींना, उदाहरणार्थ त्याचं नाव तुमच्या वेबसाईटवर टाकायचं असेल तर.

पहिला फोन

माणूस घाबरलेला असतो, फोन उचलला की तो सगळं सांगायला लागतो. त्याला मायेने पण लगेच थांबवा. पहिल्या फोनवर त्याचं नाव, समोरच्याचं नाव आणि विषय एका ओळीत, बस. कारण समोरची पार्टी आधीच तुमची क्लायंट असेल तर याने सांगितलेली गुपितं तुमच्या कानावर पडलेली असतात आणि मग दोन्हीकडून गोत्यात, कधी कधी दोघांचंही काम सोडावं लागतं. वेबसाईटवरच्या फॉर्मलाही हेच लागू, "तुमची संपूर्ण हकीकत लिहा" अशी मोठी चौकट ठेवूच नका. आणि जे लोक विचारून गेले पण क्लायंट झाले नाहीत त्यांचे मेल, कागद किती दिवसांनी काढून टाकायचे हे ठरवून ठेवा. त्यांची नुसती नावं पुढच्या तपासणीसाठी राहिली तर चालतील.

काम घेतलं की पहिल्याच भेटीत एक साधा कागद द्या, एका पानाचा, क्लायंटला कळेल अशा भाषेत. मी असं काहीतरी लिहीन: "तुमची कागदपत्रं आम्ही फक्त तुमच्या कामासाठी वापरू. ती आमच्या ऑफिसातले तुमच्या केसवर काम करणारेच लोक बघतील. कोर्ट, समोरचा वकील, भाषांतरकार किंवा तज्ज्ञ यांना लागेल तेवढंच देऊ. काम संपल्यावर मूळ कागद तुम्हाला परत देऊ आणि आमच्याकडची फाईल अमुक वर्षं ठेवून नष्ट करू. काही शंका असेल तर अमुक व्यक्तीला विचारा." इंटरनेटवरून उचललेली वीस पानी पॉलिसी कोणी वाचत नाही, आणि त्यात लिहिलेलं तुम्ही पाळत नसाल तर तीच उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा होते.

संपर्क कुठे साधायचा हे विचारलंच पाहिजे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात माणसाचा जीवही जाऊ शकतो. घरगुती हिंसेच्या केसमध्ये किंवा मुलाच्या ताब्याच्या भांडणात क्लायंटचा फोन नंबर आणि मेल लिहून घेतला म्हणजे काम झालं असं नाही. विचारा: हा फोन दुसरं कोणी उचलतं का? मेलचा पासवर्ड घरात कोणाला माहितीय? घरातल्या टॅबवर हेच अकाउंट चालू आहे का, म्हणजे मी पाठवलेलं मुलं किंवा नवरा तिथे वाचू शकतील का? फोन कुठल्या वेळेत करू? पाकिटावर ऑफिसचं नाव छापलेलं चालेल का? मेसेजमध्ये "तुमच्या केसची तारीख" असं लिहिलं तर चालेल का? शक्यतो नवीन मेल आयडी उघडायला लावा, तोही स्वतःच्या फोनवर आणि नव्या पासवर्डने.

नोकरीचा वाद असेल तर कंपनीच्या मेलवर आणि कंपनीच्या लॅपटॉपवर एक अक्षर पाठवायचं नाही. मालक ते वाचू शकतो, आणि नंतर हे वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं होतं की नव्हतं यावरच वेगळं भांडण सुरू होतं.

ही उत्तरं फाईलीच्या आतल्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि कॉम्प्युटरवरच्या नोंदीतही टाका, कारण उद्या फोन करणारा ज्युनियर वेगळा असणार आणि त्याला यातलं काहीच माहीत नसणार.

लागेल तेवढंच घ्या

क्लायंट गठ्ठाच्या गठ्ठा आणून टेबलावर ठेवतो. सगळं स्कॅन करून ठेवणं सोपं वाटतं, पण जे तुमच्याकडे नाही ते तुमच्याकडून फुटूही शकत नाही. दोन वर्षांच्या उत्पन्नाचा प्रश्न असेल तर दहा वर्षांचं स्टेटमेंट परत द्या. चॅट हवी असेल तर त्या तारखांपुरती घ्या, अख्खा फोन कॉपी करू नका, त्यात शंभर इतर लोकांचे मेसेज असतात. अर्थात वादाशी संबंधित मूळ पुरावा क्लायंटला जपून ठेवायला सांगायचाच, डिलीट करू द्यायचा नाही, फक्त तो सगळाच्या सगळा तुमच्या सर्व्हरवर असायची गरज नसते. मूळ कागद घेतला तर पोच द्या आणि रजिस्टरमध्ये लिहा.

आणि क्लायंट म्हणाला की "हा बायकोच्या मेलचा पासवर्ड, तुम्हीच बघा आत काय काय आहे", तर तो घेऊ नका, लिहून ठेवू नका, उघडून तर अजिबात बघू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये शिरणं कित्येक देशांत गुन्हा आहे आणि त्या पुराव्यापायी केस सुधारायच्या ऐवजी तुम्हीच अडकाल.

रोजच्या कामातल्या फटी

कॉम्प्युटरवर प्रत्येक केसचा वेगळा फोल्डर आणि त्या केसवर काम करणाऱ्यांनाच तो उघडता यावा, एवढं तर कुठल्याही क्लाउड सर्व्हिसमध्ये करता येतं. सगळ्यांना सगळं दिसतं असं ऑफिस बघितलं की मला काळजीच वाटते. ईमेल आणि क्लाउडला पासवर्डबरोबर फोनवरच्या कोडची दुसरी पायरी लावाच. ब्रिटनमध्ये टकर्स सॉलिसिटर्स या फर्मवर २०२० मध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला, कोर्टाच्या कागदांचे ६० गठ्ठे डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागात टाकले गेले, आणि २०२२ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी फर्मला ९८,००० पौंड दंड केला. दंडाची कारणं वाचली तर त्यात काही भारी तांत्रिक प्रकार नाही: लॉगिनला दुसरी पायरी नव्हती, सिक्युरिटीचं एक अपडेट कित्येक महिने उशिरा टाकलेलं, आणि जुने साठवलेले गठ्ठे एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे केलेले नव्हते. तिन्ही गोष्टी कुठलंही ऑफिस करू शकतं.

ईमेलमध्ये नावाची दोन अक्षरं टाईप केली की पत्ता आपोआप येतो ना, ती सोय बंद करा. एकाच नावाचे दोन लोक असतात आणि एक समोरचा वकील असतो. मेल पाठवल्यावर एक मिनिट थांबून मगच जाईल अशी सेटिंगही मिळते, ती लावून ठेवा. संवेदनशील फाईल असेल तर पासवर्ड लावा आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपवर कागद येणार, ते थांबवता येत नाही. पण आलेला फोटो फोनच्या गॅलरीत पडतो, गॅलरीचा बॅकअप ज्युनियरच्या खासगी क्लाउडवर जातो, आणि तो ज्युनियर दोन वर्षांनी नोकरी सोडून जातो तेव्हा क्लायंटचे वैद्यकीय रिपोर्टही त्याच्याबरोबर जातात, त्याच्या मनात काही वाईट नसलं तरी. म्हणून आपोआप डाऊनलोड बंद, आलेली गोष्ट केसच्या फोल्डरमध्ये टाकायची, फोनवरून काढायची, आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचे सगळे अकाउंट बंद.

आता काळ्या पट्टीची गोष्ट, म्हणजे पीडीएफमध्ये नाव, पत्ता झाकणं. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे एकेकाळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात एक कागद दाखल केला, त्यातला मजकूर काळा केला होता, पण पट्टीखालचा मजकूर सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट केला की सरळ वाचता येत होता, आणि पत्रकारांनी तो वाचला. वर नुसता काळा चौकोन काढला तर हेच होतं, अक्षरं खाली तशीच असतात. नीट करायचं तर मूळ फाईल बाजूला ठेवून कॉपीवर काम करा, मजकूर कायमचा काढणारं टूल वापरा, ते लागू करायचं बटण दाबायला विसरू नका, लपलेली माहिती काढून टाका आणि नवीन नावाने सेव्ह करा. मग ती फाईल उघडून सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि झाकलेलं नाव शोधा. सापडलं नाही तरच पाठवा. टूल नसेल तर प्रिंट काढून जाड मार्करने झाका, त्या कागदाची झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स स्कॅन करा. मार्कर मारलेला कागद तसाच देऊ नका, उजेडात धरला की अक्षरं दिसतात.

वर्डच्या फाईलमध्येही जुन्या दुरुस्त्या, शेऱ्याच्या चौकटी राहून जातात, दुसऱ्या क्लायंटच्या फाईलवरून नवीन बनवली असेल तर आधीच्याचं नाव फाईलच्या माहितीत राहतं. एक्सेलमध्ये लपवलेले कॉलम असतात. आणि फोनवर काढलेल्या फोटोत तो कुठे काढला ते ठिकाण नोंदलेलं असू शकतं, म्हणजे नवीन घरी राहायला गेलेल्या बाईने तिथे बसून काढलेला जखमेचा फोटो तुम्ही तसाच समोरच्या वकिलाला पाठवलात तर तिचा पत्ताच पाठवलात.

बाहेरचे लोक आणि एआय

टायपिस्ट, भाषांतरकार, क्लाउड कंपनी, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सगळ्यांकडून लेखी घ्या की माहिती दुसरीकडे वापरणार नाही, काम झालं की काढून टाकेल, आणि काही गडबड झाली तर लगेच कळवेल. जुना प्रिंटर-झेरॉक्स मशीन विकताना किंवा भाड्याने आणलेलं परत करताना आतली डिस्क पुसून घ्या, बऱ्याच मशीनमध्ये छापलेल्या कागदांच्या कॉपी साठलेल्या असतात आणि हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

एआयचं म्हणाल तर फुकटच्या चॅटबॉटमध्ये क्लायंटची नोटीस किंवा जबाब पेस्ट करून "याचा सारांश दे" म्हणणं हे मला अजिबात मान्य नाही. तो मजकूर पुढे ट्रेनिंगला, म्हणजे त्या एआयला शिकवायला वापरला जाऊ शकतो आणि एकदा गेला की परत येत नाही. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये यावर मत दिलंय, त्यात असं आहे की दिलेल्या माहितीवरून शिकणाऱ्या टूलमध्ये क्लायंटची माहिती घालण्याआधी त्याची समजून-उमजून दिलेली परवानगी लागते, आणि नुसतं करारात एक ठरावीक वाक्य टाकून भागत नाही. वापरायचंच असेल तर ऑफिससाठी पैसे भरून, डेटा ट्रेनिंगला वापरणार नाही असा करार असलेलं टूल घ्या. नाव-गाव काढून टाकलं तरी केसच्या हकीकतीवरून माणूस ओळखू येतो हे विसरू नका.

कोणी आपली माहिती मागितली तर

क्लायंट मागतो ते सोपं, ओळख पटवा आणि द्या, फक्त त्यात दुसऱ्या कोणाची खासगी माहिती असेल ती बघून. अवघड तेव्हा होतं जेव्हा समोरची पार्टी लिहून पाठवते की माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे ते दाखवा. जीडीपीआरखाली उत्तर द्यायला साधारण एक महिना असतो. अशा पत्राकडे दुर्लक्ष करायचं नाही, पण वकील-क्लायंटमधलं गोपनीय बोलणंही उघड करायचं नाही, त्याला बहुतेक ठिकाणी संरक्षण आहे. काय देतोय, काय रोखतोय आणि का, हे लिहून ठेवा. आणि फोनवर "मी त्यांचा भाऊ बोलतोय, केस कुठवर आली" असं कोणी विचारलं तर अमुक माणूस आमचा क्लायंट आहे हेसुद्धा सांगायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी.

फुटलंच तर

घाबरून कॉम्प्युटर पुसायला घेऊ नका. नेटवर्कपासून तोडा, वायर काढा, वायफाय बंद करा, पण मशीन तसंच ठेवा, कारण काय झालं ते त्यातूनच कळणार. दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. जाणकाराला बोलवा. मग कागद घेऊन बसा: कोणाकोणाची माहिती, कुठल्या प्रकारची, किती जणांची, कधीपासून उघडी आहे. इथेच पहिल्या दिवसापासून ठेवलेला कॉपींचा हिशोब कामाला येतो, तो नसेल तर नुसतं हे शोधण्यात आठवडे जातात आणि घड्याळ तर चालूच असतं. जीडीपीआरमध्ये लोकांना धोका असेल तर तुम्हाला कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला, म्हणजे डेटा कायद्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं, आणि धोका मोठा असेल तर त्या लोकांनाही विनाविलंब. चुकीच्या माणसाला मेल गेला ही घटनासुद्धा यात येते. त्याला लगेच फोन करा, न वाचता डिलीट करायला सांगा, आणि तसं लेखी उत्तर घ्या.

क्लायंटला स्वतः फोन करा. कुठली माहिती गेली, आता काय करतोय, त्याने काय करायला हवं, जसं की बँकेला कळवणं किंवा पासवर्ड बदलणं, हे स्पष्ट सांगा. पत्ता फुटला असेल आणि क्लायंटच्या जीवाला धोका असेल तर नियामक नंतर, आधी तिला फोन. पनामा पेपर्स या गाजलेल्या गळतीत २०१६ साली पनामातल्या मोसॅक फोन्सेका या वकिलांच्या फर्मचे सुमारे १ कोटी १५ लाख कागद बाहेर आले आणि २०१८ मध्ये फर्मने बंद होत असल्याचं जाहीर केलं. त्या कागदांतून काय उघड झालं तो वेगळा विषय, पण क्लायंटचा विश्वास एकदा गेला की फर्म किती लवकर संपते ते त्यात दिसतं. बॅकअपची एक कॉपी नेटवर्कपासून तोडलेली ठेवा आणि अधूनमधून त्यातून फाईल परत आणून बघा.

केस संपल्यावर

निकाल लागला, फी आली, फाईल कपाटात गेली आणि मग वर्षानुवर्षं तिथेच. हे करू नका. बंद करतानाच मूळ कागद क्लायंटला परत देऊन सही घ्या आणि फाईलीच्या कव्हरवर नष्ट करायची तारीख लिहा. किती वर्षं ठेवायची हे तुमच्याकडचे नियम, दाव्याची मुदत आणि अपिलाची शक्यता बघून ठरतं, सगळ्या फायलींना एकच आकडा लावू नका. मृत्युपत्राची फाईल जास्त काळ लागते, साध्या नोटिशीची कमी. वाद परत उकरला जाण्याची चिन्हं असतील तर नष्ट करणं थांबवा.

तारीख आली की कागद बारीक तुकडे करणाऱ्या मशीनमध्ये, रद्दीत नाही. कॉम्प्युटरवरची फाईल डिलीट करताना मेलमधली, क्लाउडमधली, क्लार्कच्या डेस्कटॉपवरची, बॅकअपमधली आणि भाषांतरकाराकडे गेलेलीसुद्धा बघा, ज्या रजिस्टरमध्ये कॉपी लिहिल्या होत्या तेच पुढ्यात घेऊन एकेक खूण करत. शेवटी रजिस्टरमध्ये फाईल नंबर, नष्ट केल्याची तारीख आणि कोणी केली त्याची सही एवढंच राहू द्या, आणि दोन्ही पार्ट्यांची नावं पहिल्या फोनच्या वेळी तपासायच्या यादीत.